लाखेचा किडा आणि बी.एस्सी.ची पदवी

परदेशी सफरचंदाची चमक, औषधाच्या काही गोळ्यांवरचं पातळ कवच आणि मुलांच्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांवरचा चकाकता पापुद्रा, या तिन्हींत पुष्कळदा एकच पदार्थ असतो. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत तो ९०४ या आकड्याने नोंदलेला असतो. हा पदार्थ कुठल्या रसायनांच्या कारखान्यात जन्मत नाही. पळसाच्या, बोरीच्या किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीत सोंड खुपसून बसलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक लालसर किडा तो अंगातून पाझरवतो. तीच ही लाख, लाक्षागृहाच्या गोष्टीतून आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली. एक किलो लाखेमागे असे सुमारे तीन लाख किडे राबलेले असतात.

बालगंधर्वांचा आवाज ज्या काळ्या तबकड्यांवर उतरला, त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच. १९४८ नंतर व्हिनाइल आलं आणि हळूहळू त्या मागे पडल्या. त्याआधीचं अर्धशतक मात्र जगभरचं संगीत एका किड्याच्या राळेवर कोरलं जात होतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसेना. आजही पळसाची फांदी दिसली की मी थांबून तिच्यावर खरबरीत लालसर कवच आहे का ते पाहतो.

ही राळ महाराष्ट्रात जिथे तयार होते, त्यात गोंदिया जिल्हा सर्वांत पुढे. आणि या जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे सालेकसा तालुका. एका अंगाला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. धानाच्या बांध्या, मधून वाहणारी वाघ नदी आणि दरेकशाकडे चढत जाणारं जंगल. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा रूळ १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच पट्ट्यातून राजनांदगावला पोहोचला. पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने तो रुंद केला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत जोडला गेला. मुंबई–हावडा मार्गावरच्या गाड्या आजही सालेकसा आणि दरेकसा या स्थानकांवरून धडधडत जातात. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं इथल्या जंगलाच्या दारात बाजारपेठेकडे जाणारी एक मोठी वाट तयार उभी आहे.

तालुक्यात महाविद्यालय आहे, आमगावला आहे, गोंदियाला तर कित्येक आहेत. दरवर्षी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. होऊन मुलं-मुली बाहेर पडतात. त्यातली बरीचशी पोलीस भरतीच्या धावण्याला लागतात, तलाठी किंवा शिक्षक होण्यासाठी अभ्यासिकेत बसतात, काही नागपूर-पुण्याला नाही तर रायपूरला कामाला जातात. या वाटा चांगल्या आहेत. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. मला दिसतं ते एवढंच की इथे वस्तू आहे आणि तिच्याविषयीचं ज्ञानही त्याच तालुक्यातल्या वर्गांत शिकवलं जातं. तरी या दोन गोष्टींची गाठ घालणारी माणसं फार थोडी आहेत. उद्योजक म्हणजे ही गाठ घालणारा माणूस. पदवीनंतरची ती एक पूर्ण, मानाची वाट आहे, आणि ती कशी चालते हे पाहण्यासारखं आहे.

उद्योजकाचं डोकं कसं चालतं, हा प्रश्न सारस सरस्वती या विदुषीने फार सुंदर पद्धतीने हाताळला. नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्याकडे शिकलेल्या या बाईंनी मोठे उद्योग उभारलेले २७ अनुभवी उद्योजक गाठले, त्यांच्यापुढे एका काल्पनिक वस्तूचा धंदा ठेवला आणि सांगितलं की विचार करताना मोठ्याने बोलत राहा. २००१ मध्ये त्यांनी जे मांडलं, ते व्यवस्थापनाच्या तोवरच्या पुस्तकांपेक्षा वेगळं होतं. हे लोक आधी बाजाराचा अंदाज काढून, मग लक्ष्य ठरवून, मग भांडवल गोळा करत नव्हते. ते आधी स्वतःकडे बघत होते. मी कोण आहे, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण आहे. आणि नफा किती होईल याआधी ते विचारत होते की बुडालं तर किती बुडालेलं मला सोसेल.

या तीन प्रश्नांची उत्तरं सालेकसाच्या एखाद्या मुलीने दिली तर ती कशी येतील? ती गोंड किंवा हलबा किंवा पोवार किंवा लोधी घरातली आहे, तिला घरात एक आणि बाजारात दुसरी अशा दोन-तीन भाषा सहज येतात. वनस्पतिशास्त्र आणि रसायन ती तीन वर्षं शिकली आहे. तिच्या आजीला कुठल्या पळसावर लाख धरते हे ठाऊक आहे, मामाचं किराणा दुकान आहे, वर्गमैत्रीण बँकेत लागली आहे. माझ्या मते हे भांडवल पुष्कळ आहे. महानगरातल्या तरुणाला ते कुठल्याही किमतीत विकत मिळणार नाही.

आता लाखेकडे नीट पाहू, कारण यात प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र धंदा दडलेला आहे.

लाखेची मादी अंडी घालते. त्यातून अर्धा मिलिमीटरची पिल्लं बाहेर पडतात, कोवळ्या फांदीवर जागा शोधतात आणि सोंड रुतवतात. मादी एकदा बसली की बसली. तिचे पाय गळून जातात आणि ती मरेपर्यंत तिथून हलत नाही. स्वतःभोवती राळेची कोठडी बांधत, झाडाचा रस पीत, ती पुढच्या पिढीची तयारी करते. शेकडो कोठड्या एकमेकींना चिकटतात आणि फांदीभोवती कवच होतं. शेतकऱ्याचं काम म्हणजे आधी झाडाची छाटणी करून कोवळा फुटवा आणणं, आणि मग जिवंत माद्या असलेली काडी, जिला बेहन म्हणतात, ती नव्या फांदीला बांधणं. पळसावरच्या रंगीनी लाखेची वर्षातून दोन पिकं निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरलेली बैसाखी जून-जुलैपर्यंत चालते, आणि जून-जुलैत धरलेली कतकी चार महिन्यांत हाती येते.

खरी अडचण बेहनाची. मे महिन्याच्या उन्हात बैसाखीचे किडे मोठ्या प्रमाणात मरतात, आणि पावसाच्या तोंडावर ज्याला कतकी धरायची आहे त्याच्याकडे बांधायला जिवंत काडीच नसते. झाड आहे, हात आहेत, पाऊस वेळेवर आला आहे, आणि बियाणं नाही. व्यापाराच्या भाषेत याला तुटवडा म्हणतील. उद्योजकाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही उघडी पडलेली जागा आहे. सावलीच्या, ओलाव्याच्या ठिकाणची निवडक झाडं राखून, उन्हाळ्यात तिथलं बेहन जगवून, जूनमध्ये ते आसपासच्या गावांना देणारी एक रोपवाटिकेसारखी व्यवस्था कुणीतरी उभी करायला हवी. तिला कारखाना लागत नाही. तिला लागतं निरीक्षण.

पिल्लं कधी बाहेर पडणार हे मादीच्या कोठडीवर वाचता येतं. तिच्या एका टोकाला पिवळा ठिपका दिसू लागतो आणि पसरत जातो. तो किती पसरला यावरून काडी कधी कापायची ते ठरतं. लवकर कापली तर पिल्लं अशक्त, उशीर झाला तर ती जुन्याच फांदीवर उतरून गेलेली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जिने सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिली आहे, तिला हा ठिपका हातभिंगातून वाचायला कितीसा वेळ लागणार? पुढे बेहन बारीक जाळीच्या पिशवीत घालून बांधलं, तर लाखेची पिल्लं जाळीतून निसटतात आणि लाख खाणारे शत्रू पतंग आतच अडकतात. तीनेक आठवड्यांनी रिकामी झालेली काडी, म्हणजे फुंकी, उतरवून घ्यावी लागते, नाहीतर तीच रोगराईचं घर होते. जाळीच्या पिशव्या शिवणं हासुद्धा एक छोटा धंदा आहे, आणि तो गावातल्या बचत गटाच्या शिवणयंत्रावर होण्यासारखा आहे.

फांदीवरून खरवडलेली कच्ची लाख कुटायची, चाळायची, धुवायची. धुतली की दाणे उरतात. ते वितळवून, गाळून, पातळ पत्रा ताणला की चपडा. प्रत्येक पायरीला भाव चढतो. धुताना जे लाल पाणी निघतं, त्यात लाखेचा रंग असतो, आणि या लाल पाण्याची कहाणी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. एके काळी जगाला लाखेतून हवा होता तो हा रंगच. ईस्ट इंडिया कंपनी तो निर्यात करत होती आणि राळ दुय्यम होती. १८५६ मध्ये पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधला, पाठोपाठ डांबरापासूनचे स्वस्त रंग आले आणि लाखेचा रंग बाजारातून उठला. तोवर दुय्यम असलेली राळ मग मुख्य माल झाली, आणि रंग गटारात जाऊ लागला. आता नैसर्गिक रंगांना पुन्हा गिऱ्हाईक आहे. कपड्याला, खाद्यपदार्थाला निरुपद्रवी लाल हवा आहे. शंभर-दीडशे वर्षांत मुख्य माल आणि टाकाऊ माल यांनी एकदा जागा बदलल्या आणि त्या पुन्हा बदलू शकतात. हे ज्याच्या ध्यानात येतं, त्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं रंगबंधकांचं प्रकरण निराळ्याच उत्सुकतेने वाचावंसं वाटेल.

रांचीजवळच्या नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बेहन, जाळी, छाटणीचं वेळापत्रक या सगळ्यावर तिथे दशकानुदशकं काम झालं आहे आणि ते शिकवलं जातं. सालेकसाहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलं की रांची काही फार दूर नाही.

मोहाची गोष्ट वेगळी. लाखेत ज्ञान जीवशास्त्राचं लागतं, मोहात काळाचं. मार्च-एप्रिलात पहाटेपासून मोहाची रसाळ फुलं टपटप गळतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन जातात, अंगणात फुलं वाळतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. घरोघरी एकाच पंधरवड्यात एकच माल तयार होतो आणि सगळ्यांना एकाच वेळी पैशांची गरज असते, म्हणून भाव पडतो. पावसाळ्यात तोच मोह महाग होतो, आणि कधीकधी ज्याने विकला त्यालाच तो परत विकत घ्यावा लागतो. मधल्या चार महिन्यांत फुलाला काहीच झालेलं नसतं. ते कुणाच्या तरी कोरड्या खोलीत पडून असतं. ती कोरडी खोली ज्याची, नफा त्याचा.

वाळलेल्या मोहफुलाचा हमीभाव २०२० मध्ये किलोला १७ रुपयांवरून ३० झाला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्या-नेण्यावरची जुनी बंधनं उठवली. आता बी.कॉम.च्या मुलाने एक हिशेब करून पाहावा. शंभर किलो फूल ३० च्या भावाने घेतलं, तीन हजार गेले. त्यात पाणी वीस टक्के होतं. टिकण्यासाठी ते दहा टक्क्यांवर आणावं लागतं. मग उरतं साधारण ८९ किलो, म्हणजे खरेदीचा खरा भाव पावणेचौतीस रुपये पडला, पोती आणि भाडं अजून धरायचंच आहे. हा एक हिशेब न केल्यामुळे पहिल्याच वर्षी हात पोळणारे पुष्कळ असतात. ओलावा मोजायचं यंत्र हे अशा धंद्यातलं पहिलं हत्यार, आणि ते घेण्याआधी कर्जाचा अर्ज भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाही आणि पालापाचोळा जाळून जमीन साफ करावी लागत नाही. जंगलातल्या कित्येक वणव्यांची सुरुवात त्या जाळण्यातून होते. स्वच्छ फुलाला खाद्यपदार्थाचा दर्जा मिळतो. २०२१ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधून वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला रवाना झाली. लाडू, मनुक्यासारखी सुकवलेली फुलं, पाक, जॅम, सगळं होतं. फुलानंतर फळ, फळातून टोरी म्हणजे बी, आणि टोरीचं तेल. एकाच झाडावर दोन हंगाम.

या जिल्ह्याला धंदा नवा नाही. १८९९ च्या दुष्काळानंतर गुजरातमधून मध्य भारतात कामाच्या शोधात आलेल्या काहींनी तेंदूचं पान पाहिलं. ते गुंडाळता येतं, तडकत नाही, फुकट उगवतं. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरपासून विडीचा व्यवसाय वाढत गेला आणि गोंदियाही त्याचं मोठं केंद्र झालं. या व्यवसायात वर आलेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि आज या भागातली हजारो मुलं ज्या वर्गांत शिकतात त्यातले अनेक वर्ग त्या पैशातून उभे राहिले. विडीने फुप्फुसं जाळली हेही तितकंच खरं आहे, आणि त्या धंद्याची आजच्या तरुणाला शिफारस करायला मी धजावणार नाही. पण एका पानात बाजारपेठ पाहण्याची ती नजर याच मातीत एकदा कामाला आली होती. फरक एवढाच की ती बाहेरून आलेल्यांची होती, आणि पान खुडणारे हात मजुरीवर राहिले.

हे चित्र बदलायला कायदा कारण झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि विक्री ग्रामसभेच्या हाती दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये त्यांनी आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. या कामामागच्या देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तेव्हा देशभर गेली. त्यानंतर गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या.

इथे पदवीधराचं काम बघा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं. मे महिन्याच्या मोजक्या दिवसांत फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, रोज शेकडो घरांचे पुडे येतात, मोजायचे, उन्हात पालथे घालायचे, नोंदवायचे. निविदा काढायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, कंत्राटदाराशी करार करायचा, अनामत घ्यायची, पैसे प्रत्येकाच्या खात्यावर वळते करायचे, लेखापरीक्षण करून घ्यायचं. राज्यशास्त्र शिकलेल्या मुलीला कायद्याचं कलम वाचता येतं, वाणिज्य शिकलेल्या मुलाला खतावणी येते. ग्रामसभेसाठी हे काम व्यावसायिक मोबदल्यावर करणारी तरुणांची छोटी संस्था, हाही उद्योगच. याला भांडवल जवळजवळ शून्य आणि भरवसा मात्र शंभर टक्के लागतो. उद्योजकता म्हटलं की यंत्र आणि शेड डोळ्यांपुढे येते, म्हणून हा प्रकार सहसा कुणी सुचवत नाही. मला तो सालेकसासारख्या तालुक्यासाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

हंगामी काम म्हणजे अर्धवट काम, असा एक समज आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भात रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा या एका गावात नाट्यमंडळ्यांची कार्यालयं रांगेने आहेत. गावातलं मंडळ कंपनीला ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. लेखक, नट, गायक, पेटीवाला, प्रकाशयोजना करणारा, ट्रकवाला, सगळे चार-पाच महिन्यांत वर्षाची बरीचशी कमाई करतात आणि उरलेल्या काळात शेती किंवा दुसरा व्यवसाय. पिकाच्या पंचांगावर बसवलेलं इतकं मोठं मनोरंजनाचं अर्थकारण सरकारी अनुदानाशिवाय उभं आहे, हे पाहून थक्क व्हायला होतं. मोह वसंतात, तेंदू मे महिन्यात, कतकी लाख दिवाळीच्या सुमारास, नाटक हिवाळ्यात. ज्याला हे पंचांग जुळवता आलं त्याचा एकही महिना रिकामा जात नाही.

पर्यटनाचीही एक वाट आहे. दरेकशाजवळ हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात पाणी कड्यावरून कोसळतं, रेल्वेतूनही त्याची चाहूल लागते. वन विभागाच्या साथीने नवाटोल्याच्या तरुण-तरुणींनी तिथे पर्यटकांची व्यवस्था, प्रवेश, साहसी खेळ, स्वच्छता यांची जबाबदारी उचलली. ज्या भागाचं नाव पूर्वी वर्तमानपत्रात बहुतेक वेळा नक्षलवादाच्या बातमीतच यायचं, तिथे आता नागपूर आणि रायपूरहून कुटुंबं सुट्टी घालवायला येतात. कचारगडची गोष्ट मात्र हाजरा फॉलच्या मापाने मोजू नये. माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे लाखो भाविक त्या विशाल गुहेकडे येतात. ते पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या स्मृतीचं श्रद्धास्थान आहे. तिथे राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय करणं, गोंडी भाषेतली पुस्तकं आणि हस्तकला ठेवणं, हे करण्याचा पहिला हक्क आणि पहिली समज त्याच समाजातल्या शिकलेल्या मुलांची. बाहेरच्याने तिथे दुकान थाटण्याआधी दहादा विचार करावा.

धानाबद्दल थोडक्यात. जिल्हाभर भातगिरण्या आहेत आणि तांदूळ विकण्यात नव्या माणसाला फारशी जागा उरलेली नाही. जागा आहे ती तांदळाभोवती. तुसाखालचा जो पातळ कोंडा निघतो त्यात साधारण पंधरा-वीस टक्के तेल असतं. पण दाणा कांडताच त्यातलं एक विकर जागं होतं आणि काही तासांतच तेल खवट होऊ लागतं. गिरणीतून निघताच कोंड्याला वाफ दिली की ते विकर थांबतं. एकाच दाण्यातली ही काही तासांची शर्यत ज्याने समजून घेतली, त्याला गिरणीवाल्याशी बोलायला विषय मिळाला.

पैशांच्या वाटांची माहिती मिळणं आता अवघड नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा, सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जमाती आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, आदिवासी तरुणांसाठी शबरी महामंडळ आहे, २०१८ मध्ये छत्तीसगडमधल्या बिजापूरला सुरू झालेल्या वन धन योजनेत तीनशे संग्राहकांचं एक केंद्र करता येतं. प्रत्येक जिल्ह्यात बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. कर्नाटकातल्या उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाचं हे देशव्यापी रूप. तिथे शिकवणं मोफत असतं आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावाही होतो. शिकायला आधी तिथे जावं आणि बँकेत नंतर.

कारण अनुदान पाहून धंदा निवडणारे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांची काळजी वाटते. यंत्रासाठी कर्ज मिळतं, पण मोह साठवायला एप्रिलमध्ये रोख लागते आणि ती यंत्राच्या कर्जातून येत नाही. खेळतं भांडवल आटलं की चालू धंदा बंद पडतो, नफ्यात असला तरी. सरस्वतीबाईंच्या त्या उद्योजकांनी सोसवेल तेवढंच पणाला लावलं, ते याच कारणाने. दहा पळस आणि एक हंगाम, बुडाले तर घराची चूल पेटती राहील एवढंच. आई-वडिलांना समजावणं हेही यातलंच काम. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला पदवीपर्यंत नेलं, त्या घराला पगाराची आशा असणारच. त्यांच्यापुढे वही ठेवून पहिल्या हंगामाचा जमाखर्च दाखवला, तोट्यासकट, तर बोलणं सोपं जातं.

आणि ज्याच्याकडे जंगलातला पळसही नाही, त्याच्यासाठी नामकुमच्या शास्त्रज्ञांनी एक झुडूप पुढे आणलं आहे, सेमियालता. पुरुषभर उंचीचं, शेंगवर्गीय, शेतात ओळीने लावता येणारं. झाडाला वर्षानुवर्षं वाढू द्यावं लागतं, हे मात्र वर्षभरात लाख धरायला तयार होतं. त्यावर कुसमी जातीची लाख येते, आणि २०२० च्या हमीभावात रंगीनी किलोला २०० रुपये होती तर कुसमी २७५. या पावसाळ्यात रोपं लावली तर पुढच्या जुलैत बेहन बांधायचं आणि त्यानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीत कापायचं. छाटलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. झुडूप माणसाच्या हाताच्या उंचीत असल्यामुळे झाडावर चढावं लागत नाही, म्हणून छाटणीपासून कापणीपर्यंतचं सगळं काम मुलींना एकट्याने करता येतं, आणि पिवळा ठिपका उभ्या-उभ्या वाचता येतो.